फुगलेली पिशवी

प्रातःकालीन धुक्यातून शेंद्र्याच्या कारखान्यांकडे निघालेल्या बसमध्ये कडुबा अर्धनिद्रेत डुलत होता. पुढील बाकावरच्या दोन कामगार स्त्रियांचे शब्द त्याच्या कानी जणू पाण्याखालून येत होते.

"चंपामावशी, सपनात ती टमाट्याच्या सॉसची पिशवी आली. लेकरावानी श्वास घेत व्हती."

"कोणती गं करुणे? कालची फुगलेली?"

"व्हय. पिंपात ठेवलेली पिशवी फुगून वर आली, झाकण बसंना म्हणून मीच पिन टोचून हवा सोडली. मंग त्योच सॉस नूडल्सच्या पाकिटांत गेला."

"भाकर फुगली तं कुणी भेतं का?"

"भाकर आपण फुगवतो, मावशी. सॉस आपसूक फुगला म्हंजी आत नासलेला."

"वास आला व्हता?"

"नाय."

"मंग गप ऱ्हा. सायेब कामावरून काढंल."

"पाकिटं अजून गोदामातच हायेत. दुपारी गाडी भरंल."

चंपाबाई तिच्याकडे वळली.

"सायबाला सांगशील तरी काय?"

"पाकिटांचा नंबर. हे बघ, हातावर लिहून आणलाय."

"अगं येडे, शिक्के मीच मारलेत, शेवटी तीन नाय, आठ हाय. भलतीच पाकिटं फेकतील. पुस ते, मी सांगते तसं लिही."