कोमावाली चादर

—नाही, ही निळी नका घेऊ, साहेब. टिकाऊ नाही, खोटं कशाला बोलू. पण मालिकेत दिसते म्हणून सगळे हीच मागतात — ‘शेठ, ती कोमावाली चादर दाखवा’ — आणि त्या चादरीवर कोमात पडलीये ती माझी पोरगी, हे मागणाऱ्याला ठाऊक असतं बरं का. वर विचारतात, आता तब्येत कशी आहे? काय सांगू? म्हटलं, ठणठणीत, सकाळीच आईशी भांडून गेलीये. झालं काय, तिला सिनेमा मिळाला. मुख्य काम, गाड्या दुरुस्त करणाऱ्या मुलीचं. ही रोज गॅरेजात जाऊन इंजिन खोलायला शिकली, काळी नखं घेऊन घरी यायची आणि दाखवत सुटायची. मालिकावाल्यांना म्हणाली, मला मोकळं करा. ते म्हणाले, बघतो — आणि दुसऱ्याच दिवशी तिला जिन्यावरून पाडलं. मालिकेत हो. तेव्हापासून डोळे मिटून पलंगावर. मेकअपवाला करवादतो, कोमातल्या बाईच्या नखांत ग्रीस कुठून आलं?

हसा, हसा. मीही हसायचो. पण मी पडलो धंदेवाला माणूस, मला डाव कळतो — पात्र मेलं तर पोरगी सुटते, बरं झालं तर तिला बोलायला चार वाक्यं द्यावी लागतात, आणि कोमात ठेवलं की कसं, ना विकलेला ना परत पाठवलेला माल — शोकेसमध्ये धूळ खात पडून. सासू उशाशी बसून रडते, कौतुक सगळं सासूचं. एकदा सेटवर गेलो, तर हिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. खरंखुरं. बापाला कळतं ना. दिग्दर्शक म्हणतो, वा, हे ठेवा, आता हिला शुद्ध येणार असं लोकांना वाटू दे — म्हणजे कोमा आणखी लांबला. घरी येते तीही तशीच भिंतीकडे तोंड करून पडते. हाक मारली तरी डोळे उघडत नाही. सिनेमावाले सोमवारपर्यंत थांबणार, मग दुसरी मुलगी घेणार. तिची आई म्हणते, मारा म्हणावं एकदाचं. आई म्हणते हो असं. मीही म्हणतो, मनातल्या मनात — जाऊ दे.

तर तुम्हाला कुठली दाखवू? पांढरी. एकेरी पलंगाची ना — थोडी लांब? लांब म्हणजे किती — अच्छा, डोक्यावरून ओढून घेता येईल अशी. पावती कुणाच्या नावानं करू?

हं.

मालिकेच्या नावानं.

म्हणजे उद्या — अरे, मग सुटलीच की. चांगली बातमी आणलीत, साहेब, बसा, चहा मागवतो. मी तर कधीचा म्हणतोय, हे लोक तिला — थांबा, काढतो हं. ही बघा, धुतलेलं सूत आहे, मऊ, तोंडाला टोचायची नाही —

नाही. पांढरी नाहीये आमच्याकडे. ही? ही विकायची नाही. समोरच्या दुकानात बघा, तिथं मिळेल. या आता, साहेब. मला शटर ओढायचंय.