बरफात ठेवलेली डबी

माह्यं माहेर आर्णीकडचं. बाप गवंडी, माय मजुरीले जाये, आणि आम्ही चौघी बहिणी, म्हणून लेकरू होणं ही काही मोठी गोष्ट आहे असं मले कधी वाटलंच नाही, लग्न झालं का ते होतेच, असं वाटे. काय सांगू तुम्हाले ताई, बस येईपर्यंत ऐका, ज्या गोष्टीचं कधी भेव नव्हतं, तिचंच भेव सात वर्षं झाले मानगुटीवर बसून आहे. लग्न होऊन मी या गावात आली. आमचे हे घाटंजीले मोटारसायकलच्या गॅरेजात मिस्त्री. मी बारावी शिकलेली, म्हणून आशाचं काम भेटलं. गावात कोणती बाई गरवार राह्यली का पयले माह्या वहीत लिहायची, तिले दवाखान्यात न्यायची, लेकरू झालं का लसीच्या दिवशी बोलवून आणायचं. लस येते बरफाच्या डब्यात, आणि ट्रेनिंगमध्ये एकच गोष्ट दहादा सांगितली का बरफ वितळला का लस खराब झाली, तर मी तो डबा सावलीत ठेवायची, पदरानं झाकायची, कोणाले हात नाही लावू द्यायची.

दुसऱ्याच्या पोटाची वही भरली आणि माह्यं पान कोरं. डोहाळजेवण असलं का बाया म्हणे, वैशाली, गोळ्या देऊन जाय, ओटी भरायले राहू नको. मी गोळ्या देऊन निघून यायची. वाईट वाटे, पण त्याहून जास्त भेव वाटे, का उद्या सासूबाई काही बोलतील, परवा हे बोलतील, आणि कोणी काही बोलत नव्हतं तर त्याचंही भेव वाटे.

पाच वर्षं सारी तपासणी माह्यीच झाली. रक्त माह्यं, सोनोग्राफी माह्यी, नळ्या मोकळ्या आहेत का पाहायले औषध सोडलं तेही माह्याच पोटात, गुरुवारी एका बाबाची मुळी खाल्ली तीही म्याच. मंग यवतमाळच्या एका डॉक्टरबाईकडं गेलो. त्यायनं फाइल चाळली न् म्हणे, नवऱ्याच्या तपासणीचा कागद कुठं आहे. कागदच नव्हता. पाच वर्षात एकानंही मागितला नव्हता, आणि मी आशा असून म्याही मागितला नव्हता. ह्यायची तपासणी झाली, चांगली निघाली. बाई म्हणे आययूआय करू. म्हणजे माणसाचं बीज धुऊन, त्यातलं चांगलं चांगलं निवडून, अंडं फुटायच्या टायमाले बारीक नळीनं बाईच्या गर्भपिशवीत सोडते. दोन मिनिटाचं काम आहे, दुखत नाही. पण टाइम चुकला का महिना गेला.

पयल्या वेळी ह्यायले नमुना द्यायले दवाखान्यातल्या खोलीत डबी देऊन पाठवलं. बाहेर बाकड्यावर आठ माणसं बसलेले. अर्ध्या तासानं हे घामाघूम होऊन रिकामी डबी घेऊन बाहेर आले. महिना गेला. म्हणून दुसऱ्या वेळी सिस्टर म्हणे, जवळ कोणी नातेवाईक असन तर तिथून आणा, पण अर्ध्या तासाच्या आत, आणि ऊन लागू देऊ नका. माह्यी नणंद यवतमाळलेच राहते. मे महिना होता, यवतमाळचं ऊन तुम्हाले माहीत आहे. सिस्टर म्हणाली ऊन लागू देऊ नका, आणि माह्या डोक्यात तो लसीचा डबा. म्या नणंदेच्या फ्रिजातला बरफ काढला, पिशवीत भरला, त्याच्यात डबी खोचली, वरून ओला टॉवेल गुंडाळला. हे म्हणे, एवढं कायले. म्या म्हटलं, तुम्ही गाडी चालवा, दवाखान्याचं काम मले शिकवू नका.

हे गाडी लावायले गेले, तोवर लॅबमधल्या पोरीनं डबी हातात घेतली न् माह्याकडं पाह्यलं. म्हणे, एवढी थंड काहून आहे, कुठं ठेवली होती. ताई, तिच्या तोंडाकडं पाहूनच मले समजलं. बरफाची पिशवी माह्या हातातच होती, मी ती ओढणीच्या मागं घेतली न् म्हटलं, ह्यायच्या खिशात होती. ती म्हणे, अंगाच्या उबेलेच ठेवा लागते, गारठलं का मरून जाते सारं.

थोड्या वेळानं डॉक्टरबाईनं ह्यायले एकट्याले आत बोलवून सांगितलं का आज काहीच जिवंत दिसत नाही, पुन्हा नमुना द्या, पुन्हा असंच निघालं तर दुसऱ्याचं बीज घ्यायचं का, ते दोघं मिळून ठरवा. ह्यायनं अर्धंच ऐकलं. बाहेर आले तर तोंड राखेसारखं.

मी त्या दिवशी बोलायले पाहिजे होतं. नाही बोलली. मले वाटलं गाव म्हणन, आशा कायची हे, लोकाले अक्कल शिकवते. वाटलं हे म्हणतील, तूच मारलं. आज सांगतो, उद्या सांगतो करता दोन महिने गेले. ह्यायनं जेवण कमी केलं, दोस्तायमध्ये जाणं सोडलं, आणि एक दिवस भाकर मोडता मोडता म्हणे, वैशाली, तू दुसरं घर पाह्य, मी सही करून देतो. तरी मी गप. मले ह्यायचं भेव नव्हतं वाटत, माह्यंच वाटे, का ही कोणती बाई आहे जी अजूनही गप बसली.

मंग गावात एका काकूच्या घरी गेलती. त्यायची सून दोन वर्षांची लग्नाची, काकू म्हणे हिच्या पोटात दोष आहे, बाबाकडं नेतो. म्या म्हटलं, काकू, पयले पोराले तपासा. तर काकू ओट्यावरच्या चार बायांसमोर हसून म्हणे, तुह्या घरी तपासलं ना, काय निघालं, मिस्त्री रिकामाच निघाला ना वो. नणंदेच्या तोंडून गेलं असन, तिथूनच गावभर झालं असन. माह्या डोळ्यापुढं ह्यायचं ते राखेसारखं तोंड आलं. म्या म्हटलं, मिस्त्री रिकामा नाही काकू, म्या बीज बरफात ठेवलं, म्या मारलं, आणि दोन महिने ह्यायच्यावर ढकललं. काकूची सून माह्याकडं पाहत राह्यली.

संध्याकाळी मी घरी पोचायच्या आधी फोनावर गोष्ट गॅरेजात पोचली. हे दारात उभे. म्हणे, बरफ? म्या मान हलवली. म्हणे, बरफाचं मले काही नाही, ते तुले माहीत नव्हतं. पण दोन महिने मी जिता मेलतो, ते तुले दिसत होतं. आठ दिवस ह्यायनं माह्या हातचं पाणी घेतलं नाही. नवव्या दिवशी स्वतःच म्हणे, चाल, डॉक्टरबाईले सांगू.

बाईले सारं सांगितलं. त्या मले बोलल्या, बोलायलेच पाहिजे होतं. म्हणे, पेशंट खोटं बोलला तर माह्या हातात काय राहते, मी तर तुमच्या घरात परका माणूस आणायच्या गोष्टी करून राह्यली होती. ह्यायचा तंबाखू-सुपारीचा खर्रा बंद करायले लावला, म्हणे नवीन बीज तयार व्हायले तीन महिने लागते, तीन महिने तोंडात काही नको. मले विचारलं, फॉलिकच्या गोळ्या घेते का. पोट राहायच्या आधीपासूनच घ्या लागते त्या, मी गावभर वाटतो न् स्वतः घेत नव्हती, वाटे कशाले घ्यायच्या, आपलं काय होणार आहे.

यावेळी दवाखान्यातच नमुना दिला. बाईनं ह्यायले सकाळी, गर्दी व्हायच्या आधी बोलवलं, आणि खोलीबाहेर बाकड्यावर मी एकटी बसली, दाराले पाठ लावून, कोणी ठोठावू नाही म्हणून. लॅबची पोरगी हसून म्हणे, बीजं चांगले पळून राह्यले. नळीनं सोडलं त्याले आज बारावा दिवस. चौदाव्याले रक्त तपासणी.

माह्या पिशवीत पोट राह्यलं का ते पाहायच्या पट्ट्या आहेत ताई, रोज कोणाच्या ना कोणाच्या दारात काढून देतो, पण माह्यासाठी एक फोडायची हिंमत नाही. सकाळी पोटात कळ आली का जीव घाबरते, नाही आली तरी घाबरते. बाईनं सांगितलं आहे, एकाच वेळी राहीनच असं नाही, तीन-चार वेळा करा लागते, आणि तरीही कोणी लिहून देत नाही. ते खरं आहे, म्हणून ऐकून घेतलं. काकूची सून मात्र काल आपल्या नवऱ्याले घेऊन माह्याकडं आलती, दवाखान्याचा पत्ता घेऊन गेली.

परवा काय निघते ते निघो. म्या डॉक्टरबाईले एवढंच सांगून ठेवलं, कागद चांगला असो का वाईट, आम्हाले दोघाले सोबतच आत बोलवा, एकट्या माणसाले बोलवू नका. जा ताई आता, तुमच्या बसचा टाइम झाला. चांगलं होवो तुमचं. जयभीम.