मी वर केलेला झेंडा

आधी माझी चूक लिहून घ्या, मग कपाचं विचारा. तो झेंडा मी खोटा वर केला होता. अठ्ठावीस वर्षं झाली त्याला. माझा भाऊ ऑफसाइड नव्हता आणि ते मला त्या क्षणीही ठाऊक होतं.

आम्ही इगतपुरीचे. आबा, म्हणजे माझे वडील, रेल्वेच्या शेडमध्ये फिटर लागले, क्वार्टर मिळालं, तिथंच आम्ही दोघं भाऊ जन्मलो. भास्करदादा मोठा, मी सुधाकर धाकटा. कॉलनीत फुटबॉल साहेबांच्या काळापासूनचा, आणि आबा म्हणजे टीमचं सगळंच, कोच तेच, पंपाने बॉलमध्ये हवा भरणारे तेच. आमच्याकडे पावसाळ्यात चार-चार महिने कपडा वाळत नाही हो, त्यामुळे मॅचच्या आदल्या दिवशी अकरा जर्सी आमच्या स्वयंपाकघरात दोरीवर टांगायच्या, खाली कोळशाची शेगडी. आई म्हणायची, माझ्या पोरांना जेवायला बसायला जागा नाय आणि तुमच्या जर्सीला शेक. धुराचा वास यायचा आमच्या टीमला, समोरचे नाक दाबून दाखवायचे. पण पावसाळ्यातला कप मात्र कधी आला नाही. चारदा फायनल हरलो. आबा म्हणायचे, डोळे मिटायच्या आत एकदा आणा रे पोरांनो.

आता ग्राउंडचा एक नियम सांगतो, त्यावाचून तुम्हाला कळायचं नाही. लाईनवर झेंडा घेऊन उभे राहणारे दोघे, प्रत्येक टीमने आपला एक द्यायचा. आणि त्याने आपल्याच टीमच्या हल्ल्यावर नजर ठेवायची. मॅचआधी बॉलवर हात ठेवून शपथ घ्यायची, खोटं दाखवणार नाही म्हणून. ऑगस्टमध्ये धुकं असं उतरतं की मधल्या रेषेवरून गोलपोस्ट दिसत नाही, रेफ्रीलाही नाही. मग लाईनमनचा शब्द शेवटचा. आणि घरच्याच माणसाने घरच्यांवर झेंडा वर केला तर कोण शंका घेणार, सांगा.

त्या वर्षी फायनल मनमाडच्या टीमशी. दादा कॅप्टन. मी पुढच्या फळीत खेळायचो, सगळा सीझन खेळलो होतो. फायनलच्या सकाळी दादा म्हणाला, सुधा, तुझा गुडघा अजून धरतोय, आज तू झेंडा घे. गुडघा धरत होता, खोटं नाही सांगत. पण माझी जर्सी दुसऱ्याच्या अंगावर बघितली आणि आत काहीतरी जळायला लागलं. दुपारभर जळत होतं.

शेवटची दहा मिनिटं. शून्य-शून्य. लांबून बॉल आला, दादा एकटा पुढे, त्याने असा मारला की जाळीत पाणी उडालं. मी दहा-बारा पावलांवर. त्यांचा एक बॅक चिखलात घसरून गोलपोस्टजवळ आडवा पडलेला होता, दादाच्या पुढे, गोलकीपरच्या शेजारी. पास येताना पुढच्या माणसाच्या आणि गोलच्या मध्ये समोरचे दोघे हवेत, गोलकीपर धरून; हा पडलेला मोजला की दादा बरोबर जागेवर. धुक्यात तो पडलेला माणूस फक्त मला दिसत होता. मला नियम माहीत होता. तरी हात वर गेला. काय सांगू तुम्हाला, हात गेला म्हणणं सुद्धा पळवाट आहे, मीच वर केला. रेफ्री धावत आला, म्हणाला, नक्की ना? घरचा आहेस म्हणून विचारतो. तेव्हा अजून वेळ होता. मी म्हणालो, नक्की, एक पाऊल पुढे होता.

पाच मिनिटांनी त्यांनी गोल केला. हरलो.

पोरं माझ्या अंगावर धावून आली. दादा मध्ये उभा राहिला, म्हणाला, हात लावायचा नाय कुणी, माझा भाऊ हाय तो, खोटा झेंडा दाखवणार नाय, माझंच चुकलं. जेवताना आबा कितीतरी वेळ भात चिवडत बसले, मग इतकंच म्हणाले, भास्कर, एक पाऊल मागे थांबायचं होतंस रे. दादा खाली बघून म्हणाला, हो आबा. मी भातावर आमटी वाढून घेतली. ती आमटी मी अजून गिळतोय.

दादाने बूट काढले ते काढलेच. तोही शेडमध्येच कामाला, तिकडे जाताना ग्राउंडच्या कडेने रस्ता जवळचा, पण हा पुलावरून वळसा घालून जायचा. कॉलनीत त्याचं नावच पडलं ऑफसाइड. आमचा त्या वेळचा गोलकीपर पीटर, चहाच्या टपरीवर रोज ओरडायचा, काय ऑफसाइड, एक पाऊल मागे ये, चहा देतो. सगळे हसायचे. दादाही हसायचा. मीही हसायचो, कारण हसलो नसतो तर कुणीतरी बघितलं असतं.

चार वर्षांनी आबा गेले. पंचवटीत अस्थी सोडताना दादा गुडघाभर पाण्यात उभा राहून म्हणाला, कप दाखवायचा राहिला, माझ्यामुळे. मी शेजारीच होतो. बोलायला यापेक्षा चांगली जागा नव्हती. बोललो नाही. मनाशी म्हटलं, आता कुणासाठी बोलायचं? दादासाठी, हे सुचलंच नाही, किंवा सुचू दिलं नाही.

यंदा आमची टीम इतक्या वर्षांनी परत फायनलला. पीटर दादाला घरातून ओढून घेऊन आला, म्हणाला, पुढच्या वर्षी रिटायर होशील, आता तरी ये. दादा माझ्या शेजारी दोरीला धरून उभा. समोर लाईनवर आमच्याच कॉलनीतला माणूस झेंडा घेऊन. एक-एक बरोबरी. मी मॅच बघतच नव्हतो हो, मी त्या झेंड्याकडे बघत होतो, देवा, हा खाली राहू दे. शेवटी शेवटी आमच्या पोराने धुक्यातून बॉल आत घातला आणि सगळं ग्राउंड ओरडलं. फक्त दादा ओरडला नाही. तोही झेंड्याकडे बघत होता. गोलकडे नाही, झेंड्याकडे. झेंडा खालीच राहिला. मग तो रडला, मोठा माणूस, दोरी धरून रडला, आणि पीटरच्या गळ्यात पडून म्हणाला, फिटलं रे माझं पाप.

त्याचं पाप. मला तिथं उभं राहवेना.

आमच्याकडे जिंकलेला कप दुसऱ्या दिवशी जुन्या खेळाडूंच्या घरोघरी नेतात. सकाळी दहाला दादाकडे आला. अंगणात पोरं, पीटर, ताशा. वहिनीने कपाला कुंकू लावलं. दादा कप आत घेऊन आला, आबांच्या फोटोपुढे ठेवला आणि हात जोडले. मी दारात. तो म्हणाला, आबा, उशीर झाला, माफ करा, माझ्या एका पावलाने...

मी म्हणालो, दादा, थांब. तू मागू नको.

सगळं सांगितलं. पडलेला बॅक सांगितला, जर्सी सांगितली, नक्की म्हणालो ते सांगितलं. दादा फोटोकडेच बघत राहिला. बाहेर ताशा चालू. मग म्हणाला, मला वाटायचं, मनमाडचा एक माणूस कमी कसा दिसला. रात्र रात्र मोजायचो मी. माझ्याकडे वळून म्हणाला, आबा त्यानंतर चार वर्षं होते, सुधा. मी म्हणालो, हो. त्याने मारलं असतं तर बरं झालं असतं. वहिनी भिंतीला टेकून उभी होती, ती म्हणाली, भावजी, इतकी वर्षं माझ्या हातचं जेवलात.

दादाने कप उचलून माझ्या हातात दिला. म्हणाला, मला एकट्याला सांगून काय उपयोग, ऑफसाइड मला घरात नाय म्हणत कुणी. ते बाहेर उभे हायेत, त्यांना सांग.

उंबऱ्यापर्यंत गेलो. पीटर ओरडला, आला धाकटा, वाजव रे! मी हात वर करून ताशा थांबवला. पन्नासेक माणसं असतील, माझ्या तोंडाकडे बघत होती. दादा मागे उभा होता, माफ केलं का नाही, ते त्याने मला आजपर्यंत सांगितलेलं नाही आणि मीही विचारलेलं नाही. मी म्हणालो, ऐका. त्या फायनलला भास्करदादा ऑफसाइड नव्हता. गोल खरा होता. आपण तेव्हाच जिंकलो असतो. मला खेळवलं नाही म्हणून मी जाणूनबुजून खोटा झेंडा वर केला आणि तुम्ही अठ्ठावीस वर्षं त्याला हसलात, तेव्हा मी गप्प बसलो. पीटर, तुमची सगळ्यांची माफी मागतो. आबांची मागतो, ते ऐकायला नाहीत. आणि दादा, तुझी मागतो.