सायखेड्याला अडकलेलं मशीन

शेखर : अडकलेलं नाही मावशी. थांबलंय.

लंकाबाई : सकाळी नऊपास्नं?

शेखर : नदीतल्या पानवेली जरा दाट निघाल्या.

लंकाबाई : त्याच काढायला आणलंय ना? तुमीच सफाईचे इंजिनेर?

शेखर : हो. मशीन आत गेलं आणि मागची वाट बुजली. पात्यांत वेल गुंतली. राजूभाऊ, आमचे ऑपरेटर, मशीनवरच बसलेत. नाशिकहून दुसरी बोट निघालीय म्हणतात.

लंकाबाई : पाण्यानं का रस्त्यानं?

शेखर : ट्रकने.

लंकाबाई : वेल पाण्यानं येती, बोट रस्त्यानं. वेल आधी पोचायचीच.

शेखर : मावशी, राजूभाऊंना शुगर आहे. डबा माझ्या गाडीत राहिला. मघापर्यंत हात हलवत होते. आता फोनही उचलत नाहीत. चहावाला म्हणाला, तुमची होडी आहे.

लंकाबाई : हाय. दिवाळीपास्नं उलटी घातलीय. पाणी दिसंल तवा जाळं टाकायचं.

शेखर : दिवाळीपासून? आमच्या अहवालात सायखेडा दिवाळीतच पानवेलींपासून मोकळा झालाय.

लंकाबाई : कोण म्हणतं?

शेखर : सही माझी आहे. फोटो आले होते.

लंकाबाई : कशाचे?

शेखर : पाण्याचे.

लंकाबाई : बरं. होडी त्या अंगानं उचला. बूट काढा.

शेखर : मीपण यायचं?

लंकाबाई : मी वल्हं मारू का वेल कापू? हा कोयता धरा.

(अर्ध्या तासाने, नदीच्या मधोमध.)

शेखर : राजूभाऊ! ओ राजूभाऊ!

राजू : साहेब... तुम्ही कशाला आलात? हातपाय थरथरतायत माझे.

लंकाबाई : बोलू नको. हा गूळ तोंडात धर. हां, असा. आता हळू उतर.

शेखर : गूळ कधी घेतलात तुम्ही?

लंकाबाई : तुमी शुगर म्हणलात ना. आमच्या मालकाला व्हती. उपाशी राह्यले की असंच व्हायचं.

राजू : साहेब, एक ट्रॉली वेल उचलली की दोन ट्रॉल्या वरून येतात. नाल्याचं घाण पाणी नदीत येतंय तोवर वेल वाढतच राहणार, मी इथंच रिटायर होणार.

शेखर : खाली पाणी काळं आहे हो, मावशी.

लंकाबाई : ऊनच जात नाय खाली. मासा वर येतो, तोंड वासतो, मरतो. तुमचा फोन वाजतोय.

शेखर : हॅलो... हो सर, साइटवरच. नाही, काठावर नाही, नदीत... ऑपरेटर सापडले, त्यांना दवाखान्यात नेतोय... उद्याची पाहणी? करा ना सर, पण पाणी दिसणार नाही... फोटो पाठवतो. वेलीचेच येतील... हो सर, दिवाळीचा अहवाल माझाच होता. चुकीचा होता. न बघता सही केली. तसं लिहून देतो... आजच देतो. ठेवतो सर.

राजू : साहेब, असं कशाला बोललात?

शेखर : गूळ संपला का तुमचा?

लंकाबाई : काय म्हणले वरचे?

शेखर : बदली करतील बहुतेक.

लंकाबाई : कुठं?

शेखर : जिथे नदी नाही तिथे.

लंकाबाई : जरा सरकून बसा. त्याला पाय लांब करू द्या.