मावळतीकडं गेलेलं घड्याळ

थांबा सर, उठू नका — दौंडची गाडी डेपोतनं अजून निघायचीय, बसा हितंच बाकावर — वळखलं न्हाई? शंभूसारखाच दिसतो ना? मी बिरदेव, तुमच्या भाषणाला बसलेल्या खुटबावच्या शंभूचा जुळा भाऊ. आमच्या शाळंत भाषण ठोकून तुम्ही मोकळं झाला, आन् भोगतोय मी! काय सांगितलं तुम्ही? एक घड्याळ खाली ठेवलं, एक इमानातनं जगाभवती फिरवलं, दोन्ही ताडून बघितली तर फरक — फिरणाऱ्याचा काळ हळू चालतो, जुळ्यातला फिरस्ता धाकटा ऱ्हातो. म्हणालात ना? आता मान कशाला खाली घालताय?

आवो, आमच्यात एक भाऊ शेती धरतो, एक मेंढरं घिऊन हिंडतो. शंभूनं शेती धरली, मी चालतोय — दिवाळी झाली की कोकणात, पावसाच्या आधी माघारी. पण सुईणीच्या हातात आधी मी आलो, समद्या गावाला ठावं. थोरला मी! दसऱ्याला बिरोबाची काठी थोरल्यानं उचलायची, मीच उचलत आलो. औंदा हात लावला तर शंभू आडवा — 'सर म्हणाले, फिरणारा धाकटा. काठी माझी.' आन् पंच माना हालवत्यात, शिकल्याला माणूस बोलला म्हणून! लंगडं मेंढरू खांद्यावर घिऊन घाट चढणाऱ्याचा काळ हळू? तुम्ही सोत्ता बघितली का ती घड्याळं? न्हाई ना? पुस्तकातलंच! आन् तुम्हीच म्हणाला, उगवतीकडं गेलेलं मागं पडलं, मावळतीकडं गेलेलं पुढं. मग कोकण कुठं हाय? मावळतीला! म्हंजी मी आणखीनच थोरला — काय? माघारी उगवतीकडंच येतो म्हणता? हसू नका सर, माझं डोकं फिरलंय.

बरं, धाकटा तर धाकटा. मग आईचं काय? आमची आई, गिताबाई, चैतात गेली. बापाला अग्नी थोरल्याचा, आईला धाकट्याचा, ही आमच्या घरची रीत. रोह्याला एसटीडीवर निरोप आला, मी जीपला लोंबकळत, ट्रकवाल्याच्या हाता-पाया पडत आलो — तवर राखसुदीक भीमेत सोडली व्हती. वाट का न्हाई बघितली, म्हणलं, तर शंभू म्हणतो, 'तू थोरला, तुझं काय काम?' तवा मी थोरला, आन् दसऱ्याला धाकटा? दोन्ही त्यालाच? एक कायतरी ठरवा की! चला गावात, पंचांपुढं सांगा.

काय म्हणता? जल्मभर चाललो तरी फरक पापणी लवायच्या आत — त्याच्याबी लई लई कमी? म्हंजी काय फरकच न्हाई. म्हंजी मी थोरलाच. येता सांगायला? आत्ता, ह्याच गाडीनं, वाटंत खुटबावला उतरू?

...

थांबा. थोरला म्हंजी — अग्नी शंभूचाच व्हता मग. माझ्यासाठी थांबायचं कारणच नव्हतं कुणाला. मी चालत ऱ्हायलो काय, आलो काय.

न्हाई सर. येऊ नका तुम्ही. काठी घिऊ द्या त्याला, नाचवू द्या. मी धाकटा हाय. तुम्ही म्हणालात ना, फिरणारा धाकटा? मग तेच खरं. आईला अग्नी माझा व्हता, थांबायला पायजे व्हतं त्यांनी.

ती बघा, लागली गाडी. जावा. आन् खुटबावात पाय ठिवू नका परत.