दार तोडायला मी सांगितले

नाव: विनिता महेंद्र सामंत, वय ५७ वर्षे, धंदा: शिवणकाम शिकवणे, राहणार कोपरी, ठाणे पूर्व. दि. २४/११/२०२५

मी समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर पतीसह राहते. एका खासगी संस्थेच्या घरबसल्या शिवणवर्गाला मी शिकवते. पूर्वी आमचे धडे फक्त रेकॉर्ड केलेले असत. बायका बघत, ब्लाउज कापत आणि बिघडले की वर्ग सोडून देत. बाही जोडायचा मुंढा कुठे चुकला हे मला दिसायचे नाही. संस्थेचे हर्षित सर म्हणायचे, "व्हिडिओ आहेत ना मॅडम, परत बघतील." मी वर्षभर पाठपुरावा केला. जूनपासून मंगळवारी आणि शनिवारी दुपारी अडीच वाजता मोबाईलवर थेट समोरासमोर वर्ग सुरू झाला. सध्या अकरा जणी आहेत. त्यानंतर एकीनेही वर्ग सोडलेला नाही.

त्यांपैकी सगुणा दळवी, वय ५२, राहणार दिवा पूर्व, या मोबाईल मशीनकडे वळवून ठेवत. त्यामुळे मला त्यांचे फक्त हात दिसत. हात चांगला आहे.

मंगळवार दि. १८/११/२०२५ रोजी अंदाजे ३.१० वाजता बाही जोडणे चालू होते. सगुणाताईंचे हात दिसेनासे झाले. काही पडल्याचा आवाज आला. मी पाच-सहा हाका मारल्या. उत्तर आले नाही. मला वाटले, उठून आत गेल्या असतील.

तेव्हा वर्गातील निशा गावकर, वय २६, हीसुद्धा दिव्यातच राहते, ती म्हणाली, "मॅडम, सगळ्या गप्प बसा जरा. त्यांच्याकडे पाणी वाहतंय." आम्ही गप्प झालो. पिंप भरून पाणी जमिनीवर पडत असल्याचा आवाज येत होता. निशा म्हणाली, "आमच्याकडे पाणी असं कोणी सोडत नाही मॅडम. एक दिवसाआड येतं. काहीतरी झालंय."

मी प्रवेश अर्जावरून पत्ता वाचून दाखवला. निशाचे घर तिथून पाच मिनिटांवर आहे. ती मोबाईल हातात धरूनच धावली, त्यामुळे पुढचे सर्व मला दिसत व ऐकू येत होते. दाराला आतून कडी होती. दाराखालून पाणी बाहेर येत होते. शेजारी राहणारे तानाजी शेलार बाहेर आले. ते म्हणाले, "दुसऱ्याचं दार आहे, मी कसं तोडू? मालक ऐकायचा नाही." त्यावर मी मोबाईलवरून म्हणाले, "दादा, तोडा. मी सांगते. विचारलं कोणी तर माझं नाव सांगा." त्यांनी खांद्याने धक्के देऊन कडी तोडली. आत सगुणाताई मशीनपाशी बेशुद्ध पडल्या होत्या. निशा व तानाजी यांनी त्यांना रिक्षाने दवाखान्यात नेले. साखर फार उतरली होती, असे डॉक्टरांनी सांगितले. वर्गाला उशीर नको म्हणून त्या सकाळपासून चहावरच होत्या, हे मला नंतर कळले. ते मला आधी कळायला हवे होते.

सगुणाताईंचे घरमालक गोविंदा भोईर यांनी तानाजी यांच्याविरुद्ध दार तोडल्याची तक्रार दिली आहे. त्या वेळी ते गावी होते व त्यांना हकीकत माहीत नव्हती. काल ते मला फोनवर म्हणाले, "ताई, मी तक्रार मागं घेतो. बाईचा जीव वाचला, दाराचं काय." तरीही तानाजी यांचा काही दोष नाही, हे लेखी असावे म्हणून मी आले आहे. दार तोडायला मी सांगितले.

सगुणाताईंना गुरुवारी घरी सोडले. शनिवारी त्या वर्गात आल्या. प्रथमच त्यांचा चेहरा दिसला. त्या म्हणाल्या, "जेवून बसले हो मॅडम." मग अकराही जणी एकदम बोलू लागल्या. मी कोणाचाही आवाज बंद केला नाही. त्या दिवशी शिकवणे झाले नाही. हजेरीत मी वर्ग पूर्ण झाला असे लिहिले आहे.

हा जबाब मला मराठीत वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो लिहिला आहे, म्हणून सही करते.