कपाळाला माती

हितं न्हाय, बापू, जरा खाली — खाली म्हणलं की! अय्यो! — व्हय, तितंच. दाबू नका, नुसता हात ठेवा. आन् हसू नका, तुमचा हात हालतोय, मला कळतंय. अख्ख्या शाळेला व्यायाम शिकवणारा संगप्पा मास्तर कंबर धरून टांग्यातनं तुमच्या दारात उतरला, सगळ्या गल्लीनं बघितलं. हसणारच लोक. तुमी मेंढराच्या पायापासनं माणसाच्या मानंपर्यंत सगळं बसवता, म्हणून आलो. दुसरं काय न्हाय. तुमचा सिदू माझ्या वर्गात हाय, ते निराळं. चार दिवस झाले शाळेत आला न्हाय, तेबी निराळं.

झालं कसं, ऐका. हेडमास्तरांनी सर्क्युलर काढलं — पोरांनी आन् मास्तरांनीबी रोज सकाळी बारा सूर्यनमस्कार घालायचे, वर दहा मिनिटं प्राणायाम. शरीर सुधारलं की मन सुधारतं, मन सुधारलं की इंग्रजी सुधारतं, असं त्यांचं म्हणणं. मग विचारलं, तुमच्यात नेमानं कोण घालतं? सगळे खाली बघायला लागले — गणिताच्या मास्तरांनी तर डोळेच मिटले, त्यांचा प्राणायाम तवापासनं चालू हाय, घोरण्यासकट — आन् माझं तोंड बोललं, "मी घालतो की! दुधनीच्या शाळेत होतो तवापासनं!" का बोललो? काय की! सगळे माझ्याकडं बघायला लागले, तेवढंच बरं वाटलं. हे पोट समोर दिसत असताना हेडमास्तरांनी विश्वास कसा ठेवला, ते त्यांनाच ठावं. झालो मी व्यायामप्रमुख.

मग नियमबी मीच काढला. नमस्कारात कपाळ भुईला टेकतं का न्हाय? टेकलं की माती लागती. मग ज्याच्या कपाळाला माती न्हाय, त्यानं नमस्कार घातला न्हाय — काढ हात, खा छडी! लई अक्कल चालवली. आन् मी स्वतः काय करायचो? ओट्यावर उभा ऱ्हाऊन आकडे मोजायचो. त्याच्या आदी फाटकापाशी वाकून — वाकून कुटलं, वाकता आलं असतं तर काय पायजे होतं! — कठड्यावरच्या तुळशीच्या कुंडीतली माती बोटानं घ्यायचो आन् लावायचो कपाळाला. उभ्या उभ्या. सहा म्हयने, बापू. शिपाईसुद्धा मला बघून छाती काढून चालायला लागला.

आता येत्या सोमवारी शाळा तपासायला डेप्युटीसाहेब येणार, नमस्कार बघणार. आन् आमच्या शाळेत बघत ऱ्हावं असे नमस्कार एकच पोरगं घालतं, तुमचं. हेडमास्तर म्हणाले, त्याला घेऊनच या. म्हणून — म्हणजे कंबरेसाठीच आलो, पण आलोच हाय तर म्हणलं — हात का काढला? ठेवा की. थंड लागतंय.

बरं. सांगतो. गेल्या सोमवारी सिदू शाळेतले नमस्कार झाल्यावर आला, कपाळ कोरं होतं. म्हणला, "गुरुजी, पहाटंच घोंगडीवर घातले, मग आंघूळ केली." खरं बोलत होतं पोरगं, मला दिसत होतं की. तरी मी म्हणलं, माती कुटाय? तर म्हणतो, "कुंडीतली लावू का, गुरुजी? तुमी लावता तशी?" टोमणा न्हाय मारला त्यानं, बापू, खरंच विचारलं. सगळा वर्ग हसला. आन् मग मी — तीन ह्या हातावर, तीन त्या हातावर. वर खोटारडा म्हणलं. खोटारडं कोण होतं ते त्याला ठावं, मला ठावं आन् त्या कुंडीला ठावं.

तवापासनं जेवण गोड लागंना. आज सकाळी दार लावून म्हणलं, आता खरोखरचे बारा घालायचे. पहिल्याच नमस्काराला कपाळ भुईला टेकलं, आन् टेकलं ते टेकलंच! रत्नम्मानं, आमच्या मंडळीनं, काखेत हात घालून उठवलं. रडावं का हसावं तिला कळंना. तिला सगळं सांगितलं. म्हणली, कंबर दाखवायचीच हाय तर त्याच पोराच्या बापाला दाखवा.

डेप्युटीसाहेबाचं मरू द्या, बापू. पण पोराचं नाव काढू नका शाळंतनं. मेंढरामागं लावू नका त्याला, एवढं पाया पडून सांगतो — पडता येत न्हाय, पण पडलो असं समजा. हाय कुटं तो? — परसात? काय करतोय? — नमस्कार? आजबी? — चारी दिवस? — अवो, पण हात? तळहाताला वळ असतील की त्याच्या, भुईला टेकवतो कसा? — काय? — मुठी टेकवून? मुठी टेकवून घालतोय?

न्हाय. कंबर ऱ्हाऊ द्या. आदी मला उठवा. सोडा, भिंतीला धरून परसात जातो मी. तुमी नका येऊ, हितंच बसा.